दहा आंकड्यांचा धागा

मुलाच्या शाळेच्या अर्जावर, लग्नपत्रिकेच्या तळाशीं, बँकेच्या कागदांवर, डॉक्टरांच्या नोंदवहींत आणि वाण्याच्या बिलावर आज एक गोष्ट न चुकतां आढळते. ती म्हणजे मोबाईल टेलिफोनचा दहा आंकडी क्रमांक. नांव एक वेळ अपुरें लिहिलें तरी चालतें, पत्ता जुना असला तरी कोणी हरकत घेत नाहीं. परंतु क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवला कीं कारकून अर्ज परत करतो. वेळ विचारावी तितक्या सहजपणें हा क्रमांक विचारला जातो आणि तितक्याच सहजपणें सांगितला जातो. या सहजपणाकडेच आज आम्हांस वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. कारण गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या क्रमांकाचें स्वरूप हळूहळू, पण मुळापासून पालटलें आहे. आणि आपल्या घरांतील रीतिरिवाजांनीं त्याची दखल अद्याप घेतलेली नाहीं.

टेलिफोन जन्मास आला तेव्हां त्याला क्रमांक नव्हताच. अमेरिकेंतील न्यू हेवन शहरीं १८७८ च्या फेब्रुवारींत जी पहिली टेलिफोन-यादी छापली गेली, ती एका पानाची होती. तींत पन्नास नोंदी होत्या आणि त्या सर्व नांवांच्या होत्या. अमुक डॉक्टरांशीं बोलावयाचें आहे असें एक्स्चेंजमधील माणसास सांगावें आणि त्यानें तार जोडून द्यावी, अशी तेव्हांची पद्धति होती. पुढें वर्गणीदार वाढले, नांवें लक्षांत ठेवणें अशक्य झालें आणि नांवाच्या जागीं आंकडा आला. म्हणजे क्रमांक हा मुळांत तार जोडणाराच्या सोयीसाठीं होता. माणसाची ओळख पटविणें हें त्याचें काम नव्हतें.

आपल्या देशांत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें २८ जानेवारी १८८२ रोजीं टेलिफोनचीं एक्स्चेंजें उघडलीं. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षें आपल्याकडे क्रमांक होता तो घराचा किंवा पेढीचा. एका माणसाचा असा क्रमांक नव्हता. पंधरा माणसांच्या कुटुंबांत दिवाणखान्यांत एक यंत्र असे. घंटा वाजली कीं जो जवळ असेल तो उचली, आणि कोणाचा फोन कोणासाठीं आला हें साऱ्या घराला कळे. ज्यांच्या घरीं यंत्र नव्हतें ते शेजाऱ्यांचा क्रमांक देत आणि त्यापुढें ‘पी. पी.’ हीं दोन अक्षरें छापीत. या व्यवस्थेंत एकांत फारसा नव्हता हें खरें. पण क्रमांकावरून कळे तें इतकेंच कीं या दाराशीं हांक मारली तर अमुक मनुष्य सांपडेल. त्या दारामागें कोण राहतें, त्यांचा कोणाशीं स्नेह आहे, ते कोणत्या वैद्याकडे जातात व कोणाचें देणें लागतात, यांपैकीं कांहींहि त्या आंकड्यांत लिहिलेलें नव्हतें.

३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसु यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं मोबाईलवरून संभाषण केलें, आणि टेलिफोन भिंतीवरून खिशांत आला. तेव्हांपासून क्रमांक घराचा न राहतां व्यक्तीचा होऊं लागला. दुसरा फरक याहून शांतपणें घडला. २० जानेवारी २०११ पासून सर्व देशभर क्रमांक न बदलतां कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. सोय उत्तमच होती. परंतु तिच्यामुळें क्रमांक जन्माचा सोबती झाला. घर बदलतें, गांव बदलतो, नोकरी बदलते, लग्नानंतर पुष्कळ मुलींचें नांवहि बदलतें. क्रमांक मात्र तोच राहतो. जी खूण सहसा बदलत नाहीं आणि दोन माणसांना सारखी असत नाहीं, ती ओळख ठरण्यास सर्वांत सोयीची. हिशेबनीस ज्या दृष्टीनें खातेक्रमांकाकडे पाहतो, त्या दृष्टीनें जगांतील मोठमोठ्या कंपन्या आपल्या क्रमांकाकडे पाहूं लागल्या.

या दृष्टीचा सर्वांत मोठा आविष्कार म्हणजे व्हॉट्सॲप. जान कूम व ब्रायन ॲक्टन यांनीं २००९ सालीं हें ॲप काढलें. त्यापूर्वीं संगणकावरून निरोप धाडावयाचा तर नवें नांव घ्यावें लागे, परवलीचा शब्द लक्षांत ठेवावा लागे आणि मित्रांचीं नांवें विचारून एकेक जोडावीं लागत. या जोडीनें ही सारी यातायात एका फटक्यानें दूर केली. तुमचा क्रमांक हेंच तुमचें नांव, आणि तुमच्या टेलिफोनमधील संपर्कांची वही हीच तुमच्या मित्रांची यादी! ॲप ती वही वाचतें, तींतील क्रमांक आपल्या केंद्रस्थ यंत्राकडे पाठवितें, आणि त्यांपैकीं कोण कोण आधींच दाखल झाले आहेत तें क्षणांत सांगतें. ज्या आजीबाईंना इंग्रजी अक्षर ठाऊक नव्हतें त्यांनाहि अमेरिकेंतील नातवाचें तोंड रोज पाहावयास मिळूं लागलें, तें या साधेपणामुळें. हें उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु या सोयींत एक मेख आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. वही तुमची असली तरी तींतील क्रमांक तुमचे नाहींत. तीं इतरांचीं दारें आहेत. तुम्हीं ‘परवानगी आहे’ या बटणावर बोट ठेवलें कीं तुमच्या आत्याचा, तुमच्या वकिलाचा, तुमच्या सुनेच्या माहेरचा आणि आठ वर्षांपूर्वीं एकदांच घरीं आलेल्या सुताराचा क्रमांक कंपनीच्या दप्तरांत गेला. त्यांपैकीं कोणालाहि कोणीं विचारलें नाहीं. उलट ज्या सावध गृहस्थानें असलें एकहि ॲप घेतलेलें नाहीं, त्याचाहि क्रमांक त्याच्या शंभर परिचितांनीं शंभर वेळां तेथें पोंचविलेला असतो. आपली माहिती आपण न देतांहि दिली जाते, हा या युगाचा नवा चमत्कार आहे.

कोणी म्हणेल, नुसत्या आंकड्यांनीं काय कळणार? एका वहींतून थोडेंच कळेल. पण हजारों-लाखों वह्या एकत्र केल्या म्हणजे त्यांतून समाजाचा नकाशा उभा राहतो. ज्या दोन अनोळखी माणसांच्या वह्यांत एकाच डॉक्टरांचा क्रमांक आहे, त्यांना जोडणारा धागा यंत्राला दिसतो. २०१६ सालीं अमेरिकेंतील एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंची हकीकत तेथील वृत्तसंस्थेनें प्रसिद्ध केली होती. त्यांच्या रुग्णांना फेसबुक एकमेकांचीं नांवें सुचवूं लागलें: ‘यांना आपण ओळखत असाल.’ रुग्णांत परस्परांशीं दुसरा कांहीं संबंध नव्हता. नेमकें कारण कंपनीनें सांगितलें नाहीं. तथापि सर्वांच्या टेलिफोनमध्यें आपला क्रमांक असणें हाच दुवा असावा, असा त्या बाईंचा तर्क होता. ज्या खोलीचें दार लावून घेऊन मनुष्य आपलें दुःख बोलतो, त्या खोलीच्या बाहेर जणूं कोणी हजेरीपट टांगला होता!

वह्या उचलून नेण्याचा हा प्रकार नेहमींच विचारून होतो असेंहि नाहीं. २०१२ सालीं पाथ नांवाचें एक अमेरिकन ॲप वापरणारांची संपूर्ण वही मुकाट्यानें आपल्याकडे नेतें असें उघडकीस आलें. चालकांनीं जाहीर क्षमा मागितली व गोळा केलेली माहिती पुसून टाकली. त्यानंतर टेलिफोन बनविणाऱ्या कंपन्यांनीं परवानगीचा प्रश्न सक्तीचा केला. आज जो लहानसा चौकोन पडद्यावर येऊन ‘संपर्क पाहूं देऊं कां?’ असें विचारतो, त्याच्यामागें अशा प्रकरणांचा इतिहास आहे. आपण मात्र तो चौकोन वाटेंतील धोंड्याप्रमाणें दूर सारून पुढें जातों.

कंपन्यांचें म्हणणें असें कीं, क्रमांक आम्ही उघडे ठेवीत नाहीं. त्यांचें गणिती रूपांतर करून ठेवतों. हें रूपांतर म्हणजे एक प्रकारचें दळण होय. पिठावरून पुन्हां दाणा करतां येत नाहीं. तत्त्व खरें आहे. पण येथें दाणेच मोजके आहेत. भारतांतील मोबाईल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ या आंकड्यानें सुरू होतात. म्हणजे संभवनीय क्रमांक फार झाले तर ४०० कोटी. आजच्या संगणकाला इतके सर्व क्रमांक एकेक करून दळून पाहणें व हातांतील पिठाशीं ताडून पाहणें हें अल्प काळाचें काम आहे. क्रमांकाचा आंकडा लहान, म्हणून त्याचें कुलूपहि लहान. हीच गोष्ट ऑस्ट्रियांतील व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनीं दुसऱ्या वाटेनें दाखवून दिली. २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणें, व्हॉट्सॲपला ‘हा क्रमांक आपल्याकडे आहे काय?’ असें तासास दहा कोटींहून अधिक वेळां विचारतां येत होतें, आणि अशा रीतीनें जगांतील सुमारें ३५० कोटी खात्यांचे क्रमांक त्यांना पडताळतां आले. ज्यांनीं आपलें छायाचित्र सर्वांसाठीं उघडें ठेवलें होतें त्यांचें छायाचित्रहि दिसत होतें. संशोधकांनीं कंपनीस आधीं कळविलें व कंपनीनें ती वाट अरुंद केली. निरोपांतील मजकूर मात्र फुटला नाहीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे; २०१६ च्या एप्रिलपासून तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोहोरबंद असतो. परंतु पत्र मोहोरबंद असलें तरी पाकिटावरील दोन्ही पत्ते टपालवाल्यास दिसतातच.

आतां क्रमांकाची गांठ इतर माहितीशीं कशी पडते तें पाहूं. २०१४ सालीं फेसबुकनें सुमारें १९०० कोटी डॉलरांना व्हॉट्सॲप विकत घेण्याचें ठरविलें. फेसबुकपाशीं लोकांचीं नांवें, चेहरे व आवडीनिवडी होत्या. व्हॉट्सॲपपाशीं क्रमांक होते. दोन्ही वह्या शेजारीं ठेवल्या तर काय होईल ही शंका युरोपच्या अधिकाऱ्यांनीं त्याच वेळीं काढली होती. दोहोंकडील खातीं आपोआप व खात्रीलायक रीतीनें जुळविणें आम्हांस शक्य होणार नाहीं, असें उत्तर कंपनीनें दिलें. दोन वर्षांनीं, २०१६ च्या ऑगस्टमध्यें, नियम बदलून तेंच जुळविण्याची वाट मोकळी करण्यांत आली. तेव्हां युरोपीय आयोगानें चौकशी केली. २०१४ सालींहि हें तंत्रदृष्ट्या शक्य होतें व कंपनीच्या माणसांस तें ठाऊक होतें असा निर्णय दिला, आणि १८ मे २०१७ रोजीं ११ कोटी युरोंचा दंड ठोठावला. आपल्या देशांतहि २०२१ च्या ‘मान्य करा अथवा चालते व्हा’ या धर्तीच्या नव्या नियमांबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानें नोव्हेंबर २०२४ मध्यें मेटा कंपनीस २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला, आणि तो वाद पुढें अपिलांत गेला.

याहूनहि मनास लागणारा प्रकार असा, कीं सुरक्षिततेच्या नांवाखालीं घेतलेला क्रमांकहि दुसऱ्या कामीं लावला गेला. खातें चोरीस जाऊं नये म्हणून क्रमांक द्या, असें सांगावयाचें आणि तोच क्रमांक जाहिरातदारांच्या याद्यांशीं ताडून पाहावयास वापरावयाचा! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें २०१९ सालीं फेसबुकवर जे आरोप ठेवले त्यांत हाहि होता, आणि त्या समग्र प्रकरणांत कंपनीस ५०० कोटी डॉलर भरावे लागले. २०२२ सालीं याच स्वरूपाच्या कृत्याबद्दल ट्विटरला १५ कोटी डॉलर द्यावे लागले. रखवालदार म्हणून किल्ली मागावयाची आणि त्याच किल्लीनें भाडेकरू आंत आणावयाचे, असा हा व्यवहार झाला.

शिवाय एकदां बांधलेली गांठ कोणाच्याहि हातीं पडूं शकते. मित्र शोधण्याच्या सोयीचा गैरफायदा घेऊन कांहीं लोकांनीं फेसबुकवर क्रमांकांच्या राशीच्या राशी टाकल्या व त्यांच्यापुढें नांवें उतरवून घेतलीं. २०२१ च्या एप्रिलमध्यें १०६ देशांतील सुमारें ५३ कोटी ३० लाख लोकांची ही यादी जगापुढें उघडी पडली. तींत लक्षावधि भारतीयहि होते. आयर्लंडच्या नियामकानें पुढील वर्षीं साडेसव्वीस कोटी युरो दंड केला. दंड झाला खरा. पण ज्यांचीं नांवें क्रमांकासह बाहेर पडलीं तीं आंत कशीं घेणार? परवलीचा शब्द बदलतां येतो. ज्या क्रमांकावर बँक, विमा, गॅस आणि साऱ्या सोयरेसंबंधांची मांडणी झाली आहे, तो बदलणें म्हणजे बिऱ्हाड हलविण्याहून अवघड.

येथपर्यंत परदेशीं कंपन्यांची कथा झाली. आतां जरा आपल्या अंगणांत येऊं. कांहीं वर्षांपूर्वीं तात्काळ कर्ज देणाऱ्या ॲपांचा देशांत सुळसुळाट झाला होता. पांच-दहा हजार रुपयांच्या मोहानें मनुष्य तें ॲप घेई, आणि तें प्रथम त्याची संपर्कांची वही मागून घेई. हप्ता चुकला कीं त्याच्या मामांना, वरिष्ठांना, मुलीच्या सासरीं फोन व बीभत्स निरोप जात. कर्ज रुपयांत होतें, तारण मात्र अब्रूचें होतें. या छळास कंटाळून कित्येकांनीं जीव दिल्याच्या वार्ता वाचकांस आठवत असतील. अखेर रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०२२ मध्यें अशा ॲपांना कर्जदाराची संपर्कयादी व फोनच्या नोंदी पाहण्यास मनाई केली. ज्या मामांनीं आयुष्यांत कोणाचें पैचें देणें ठेवलें नाहीं, त्यांच्या दारांत दुसऱ्याच्या वहीमुळें सावकाराचा माणूस उभा राहावा, याहून या विषयाचें स्पष्टीकरण करणारें उदाहरण कोणतें असूं शकेल?

दुसरें उदाहरण याहून घरगुती आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत मुलगी सासरच्या जाचास कंटाळून माहेरीं आली. तिनें नवा क्रमांक घेतला व तो आईवडिलांखेरीज कोणास दिला नाहीं. पुढें घरांत मुंज निघाली. कार्याच्या धांदलींत एका हौशी चुलतभावानें सर्व आप्तांचा एक ग्रुप केला आणि ताईला वगळणें बरें दिसणार नाहीं म्हणून मोठ्या प्रेमानें तिलाहि त्यांत घातलें. अशा ग्रुपांत प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकास दिसतो. दोन्ही घरांशीं नातें असलेली एक वृद्ध बाई त्यांत होत्या. आठ दिवसांच्या आंत जे निरोप येऊं नयेत म्हणून क्रमांक बदलला होता, तेच निरोप पुन्हां सुरू झाले. यांत कोणाचाहि हेतु वाईट नव्हता. आणि म्हणूनच ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. यंत्राची चोरी, कंपनीची लबाडी यांपैकीं येथें कांहीं नाहीं. आपल्याच माणसानें, आपल्याच प्रेमानें, दुसऱ्याचें दार उघडलें.

आपल्या समाजाला याद्यांचें वावडें कधींच नव्हतें. कुलवृत्तांतांत घराण्यांतील माणसांचीं नांवें, शिक्षण, नोकरी व पत्ते छापण्याची आपली जुनी हौस आहे. वधूवरसूचक मंडळांच्या वह्यांत मुलीची उंची, जन्मवेळ व वडिलांचा क्रमांक असतो. या वह्यांनीं कितीतरी संसार जुळविले आहेत. पण कुलवृत्तांताचा ग्रंथ कपाटांत राही; तो पाहावयास कोणी आला तर त्याला चहा देऊन बसवावें लागे आणि त्याचें नांवगांव आपणांसहि कळे. आज वधूपरीक्षेसाठीं पाठविलेला कागद एका बोटासरशीं दहा ग्रुपांत जातो, त्यावरील क्रमांकानें मुलीचें छायाचित्र दिसतें, आणि पैसे पाठविण्याच्या ॲपांत तोच क्रमांक घातला कीं बँकेंत असलेलें नांवहि पडद्यावर उमटतें. हें शेवटलें नांव चुकीच्या माणसास पैसे जाऊं नयेत म्हणून दाखवितात आणि त्याचा उपयोग मोठा आहे, यांत शंका नाहीं. परंतु पाहणारा नेहमींच पैसे देणारा असतो असें नाहीं. पूर्वींची यादी माणसें वाचीत. आतांची यादी यंत्र वाचतें, आणि यंत्राला विसरण्याची कला अवगत नाहीं.

क्रमांक सोडून देण्याचाहि एक प्रश्न आहे. आपल्याकडे बंद झालेला मोबाईल क्रमांक ९० दिवसांपर्यंत दुसऱ्यास देत नाहींत. नंतर तो नव्या माणसाकडे जाऊं शकतो. आजोबा निवर्तले, त्यांचा क्रमांक तसाच बंद पडूं दिला, आणि वर्षभरानें त्या क्रमांकावर बँकेचे संकेत कोणा परक्याच्या हातीं पडूं लागले, असें होणें अशक्य नाहीं. श्राद्धपक्षाची आठवण जशी ठेवतों, तशी गेलेल्या माणसाच्या क्रमांकाची निरवानिरव करण्याची आठवणहि आतां ठेविली पाहिजे.

‘आम्हांस लपविण्यासारखें कांहीं नाहीं, मग भीति कसली?’ असा प्रश्न पुष्कळ सरळमार्गी गृहस्थ करतात. त्यांच्या सरळपणाबद्दल आम्हांस आदर आहे. पण माजघराला दार असतें तें माजघरांत चोरीचा माल असतो म्हणून नव्हे. खाजगीपणा हा अपराध झांकण्याचा पडदा नसून, कोणास कितपत आंत घ्यावें हें आपलें आपण ठरविण्याचा अधिकार आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं पुट्टस्वामी यांच्या खटल्यांत एकमतानें हाच अधिकार मूलभूत ठरविला. आणि पुढील वर्षीं २६ सप्टेंबर रोजीं आधार क्रमांक मोबाईल क्रमांकाशीं जोडण्याची सक्ती त्याच न्यायालयानें रद्द केली. २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्यें त्याचे नियम प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील महत्त्वाचे निर्बंध लागूं होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यांत आली.

तथापि या कायद्यांतील एक कलम आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. व्यक्तीनें केवळ खाजगी किंवा घरगुती कारणासाठीं बाळगलेल्या माहितीस तो लागू नाहीं. हें योग्यच आहे. चुलतभावानें मुंजीचा ग्रुप केला म्हणून सरकारनें त्याला नोटीस धाडावी असें कोणी म्हणणार नाहीं. पण याचा अर्थ असा कीं कायदा उंबरठ्यापाशीं थांबतो, आणि उंबरठ्याच्या आंत जें राज्य चालतें तें शिष्टाचाराचें. दुसऱ्याचें पत्र फोडूं नये, बंद दारावर टकटक केल्याशिवाय आंत जाऊं नये, हे नियम आपल्याला कोणत्या कायद्यानें शिकविले? ते वडीलधाऱ्यांनीं शिकविले. क्रमांकाविषयींहि असेच चार नियम घरोघर रूढ व्हावेत असें आम्हांस वाटतें.

पहिला नियम असा, कीं एकाचा क्रमांक दुसऱ्यास विचारल्यावांचून देऊं नये. कोणी मागितला तर मागणाराचा क्रमांक घ्यावा आणि आपल्या माणसास कळवावें; त्याला वाटलें तर तो फोन करील. यांत अर्धा मिनिट जाईल, पण दाराची कडी ज्याची त्याच्या हातीं राहील. घरांतील मुलीबाळींच्या बाबतींत तर हा नियम अपवाद न करितां पाळावा. दुसरा नियम, ग्रुपांत कोणास घालण्यापूर्वीं त्यास विचारावें, आणि आपणांस कोणीं घालावें याची मर्यादा व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्यें ठरवून ठेवावी. ही सोय २०१९ पासून आहे. छायाचित्रहि केवळ परिचितांसच दिसेल असें करतां येतें.

तिसरा नियम परवानगीचा. ज्या ॲपला आपली वही कशाला पाहिजे हें एका वाक्यांत सांगतां येत नाहीं, त्याला ती देऊं नये. विजेरीच्या ॲपला आपल्या सोयऱ्यांशीं काय कर्तव्य? आयफोनवर २०२४ पासून सबंध वहीऐवजीं निवडक नांवेंच दाखविण्याची सोय झाली आहे. वहींत नांवें लिहितांनाहि तारतम्य ठेवावें. ‘वकील – घटस्फोट’ किंवा ‘काका – उधारी’ अशा नोंदी करणें म्हणजे दुसऱ्याचें गुपित आपल्या हातानें लिहून ठेवणें होय, कारण कित्येक ॲपें क्रमांकाबरोबर नांवहि उचलतात. चौथा नियम, दुकानें, स्पर्धा व अर्ज यांसाठीं शक्य तर निराळा क्रमांक ठेवावा. बँकेचा क्रमांक बाजारांत हिंडवूं नये. पैसे घेण्यासाठीं ज्यांत क्रमांक नाहीं असा यूपीआय पत्ता करून घ्यावा, आणि निरोपांच्या ॲपला सहा आंकडी पिनचें दुसरें कुलूप घालावें. वृद्धांच्या टेलिफोनवर हें काम घरांतील तरुणांनीं शेजारीं बसून, समजावून सांगून करावें. यंत्र हातांतून काढून घेऊन नव्हे.

क्रमांक न दाखवितां निरोप धाडण्याचे मार्गहि आतां मोकळे होत आहेत. स्वित्झर्लंडमधील थ्रीमा या ॲपाला २०१२ पासूनच क्रमांकाची गरज नाहीं. तें आठ अक्षरांची स्वतंत्र खूण देतें. सिग्नल या ॲपनें २०२४ च्या फेब्रुवारीपासून टोपणनांवाची सोय केली. नोंदणीस क्रमांक लागतो, पण तो समोरच्यास दाखविलाच पाहिजे असें नाहीं. म्हणजे सोय आणि एकांत यांचें हाडवैर नाहीं. दोन्ही एकत्र नांदूं शकतात. मागणी करणारे शहाणे झाले कीं पुरविणारांनाहि शहाणें व्हावें लागतें.

एकत्र कुटुंबाची खरी परीक्षा माणसें किती जवळ राहतात यांत नसून, इतक्या जवळ राहूनहि तीं एकमेकांचा संकोच किती ओळखतात यांत असते. ज्या घरांत दोन खोल्यांत बारा माणसें राहिलीं, त्या घरांनीं पडदा, खांकरणें, बाहेरून हांक देणें अशीं साधीं साधनें निर्माण करून प्रत्येकाला त्याचा कोपरा दिला होता. आज भिंती अदृश्य झाल्या आहेत आणि दारें दहा आंकड्यांचीं झालीं आहेत. खांकरण्याची ती जुनी रीत मात्र याहि दारांना लागू पडते. दुसऱ्याचा क्रमांक आपल्यापाशीं असणें ही त्यानें आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे, एवढें जरी आपण मुलांच्या मनावर बिंबवूं शकलों, तरी जें काम कायद्यांना व दंडांना साधलें नाहीं त्याचा आरंभ आपल्या घरीं होईल.